लाखेखालची दांडी

१

कोर्टात पिशवी उघडली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा वाजून बारा मिनिटांनी शिक्केवाल्या बाईंचा खटला आडवा झाला.

खरं तर खटला अगदी सरळ होता. वखारीत लाकडाचे ओंडके ओढणारी एक करड्या रंगाची घोडी होती आणि सगळे तिला करडीच म्हणत. दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी ती नालबंदाच्या भट्टीपुढून गाडा ओढत चालली होती आणि तिच्या तोंडातून रक्त ठिबकत होतं. प्राणी-निरीक्षक बाई योगायोगाने तिथेच होत्या. त्यांनी गाडा थांबवला, लगाम उतरवायला लावला आणि जे पाहिलं त्याने त्यांचा संताप झाला. लगामाची जी लोखंडी दांडी जनावराच्या तोंडात आडवी बसते, तिला पाच काटे होते. लगाम जरा खेचला की काटे ओठात आणि जिभेत रुतणार. असलं हत्यार वापरणं कायद्याने गुन्हा. बाईंनी दांडी जप्त केली, कापडी पिशवीत घातली, दोरीने गच्च बांधली, गाठीवर लाख ओतली आणि स्वतःचा पितळी शिक्का उठवला. तो शिक्का त्या पर्समधून कधी काढून ठेवत नसत, म्हणूनच बाजारात त्यांना ते नाव पडलं होतं.

आज तीच पिशवी कारकुनाने न्यायाधीशांसमोर उघडली. गाठीवरची लाख शाबूत ठेवून त्याने खालून दोरी कापली, हात आत घातला आणि दांडी टेबलावर ठेवली.

दांडी गुळगुळीत होती. काटा औषधालासुद्धा नव्हता.

 बाईंनी दांडी उचलून उलटसुलट केली. स्वच्छ, निळसर काळं लोखंड, दोन टोकांना दोन कड्या. डावीकडची बाजू उजवीपेक्षा जरा पातळ होती, बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं.

"शिक्का तुमचाच का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझाच आहे, साहेब."

"आणि दांडी?"

"ही ती नाही."

आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला वखारवाला मान लांब करकरून टेबलाकडे बघत होता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मग त्याचा वकील त्याच्या कानाशी लागला आणि वखारवाल्याचं तोंड हळूहळू मिटून त्याचं हसू झालं.

"साहेब, हीच आमची दांडी," वकील म्हणाला. "दोन वर्षं करडीच्या तोंडात हीच आहे. माझा अशील शपथेवर सांगेल. घोडीने कुंपणाच्या तारेत तोंड घातलं, जप्तीच्या जेमतेम आठवडाभर आधी, आणि बाईंनी राईचा पर्वत केला."

वखारवाल्याने शपथ घेतली, तसंच सांगितलं आणि खाली सहीसुद्धा केली.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "परवा सकाळी पुढची तारीख. तोवर काही ठोस आलं नाही, तर घोडी मालकाच्या ताब्यात द्यावी लागेल."

२

मुद्देमालाची खोली कोर्टाच्या तळमजल्यावर होती. लोखंडी मांडण्या, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि प्रत्येक वस्तूला बांधलेली चिठ्ठी. तिथला कारकून किडकिडीत आणि कमालीचा टापटिपीचा होता. त्याचा सख्खा मेहुणा वखारीत लाकडं मोजायला होता, हे बाईंना ठाऊक होतं. ते बाईंना ठाऊक आहे, हे कारकुनालाही ठाऊक होतं.

"मॅडम, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो," तो म्हणाला, "मेहुण्याशी माझं तीन वर्षं बोलणं नाही. माझ्या बहिणीला विचारा, ती दोघांच्याही नावाने खडे फोडते. आणि या खोलीतून झुरळ बाहेर गेलं तरी त्याची नोंद असते. तुमची पिशवी आली त्या दिवसापासून जागची हललेली नाही."

"किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांच्या कपाटात. पण किल्ली असून उपयोग काय? पिशवी उघडायची तर लाख फोडावी लागणार, आणि परत लावायची तर शिक्का हवा. तो तुमच्या पर्समध्ये."

बोलणं बिनतोड होतं. बाईंनी पिशवी उलटी करून शिवण तपासली. ऑफिसच्या पिशव्या बाईंची आईच घरच्या मशीनवर शिवून द्यायची आणि तिची दुहेरी शिवण बाईंना डोळे मिटूनही ओळखू आली असती. एकही टाका उसवलेला नव्हता.

"ती लाख द्या जरा."

कारकुनाने गाठीसकट लाखेचा गोळा पुढे केला. बाईंनी पर्समधून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर उठवला. मग दोन्ही ठसे शेजारी धरले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

कागदावरच्या ठशाची कड एका जागी तुटलेली होती. लाखेवरचं वर्तुळ पूर्ण होतं.

"तुमचा शिक्का तीन आठवड्यांपूर्वी पडला होता ना?" कारकून म्हणाला. "कोर्टाच्या दगडी पायरीवर? पर्स उपडी झाली आणि तुम्ही चार जणांना कामाला लावलंत शोधायला. मीसुद्धा वाकून वाकून कंबर मोडून घेतली."

"तेव्हाच टवका उडाला." बाई सावकाश बोलल्या. "म्हणजे ही लाख त्याच्या आधीची. आणि त्याआधी शिक्का कधीच माझ्या नजरेआड झाला नव्हता, म्हणजे पहिल्या दिवशीचीच. नंतर कुणीही शिक्का चोरून पिशवी परत बंद केलेली नाही."

"मग मी सुटलो म्हणायचं!" कारकुनाचा चेहरा फुलला.

बाईंनी शिक्का पर्समध्ये ठेवला. कारकून सुटला होता खरा, पण त्याच्या जागी कोण अडकलं ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. पिशवी बंद झाली तेव्हाच तिच्यात गुळगुळीत दांडी होती, आणि पिशवी बंद केली होती त्यांनी स्वतः.

जाण्यापूर्वी त्यांनी दांडी कागदावर ठेवली आणि पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ ओढून घेतली. कशासाठी, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

३

जनावरांचे डॉक्टर एका कुत्र्याच्या कानात थेंब घालत होते आणि कुत्रा त्यांना तसं करू देत नव्हता. वखारीतल्या सगळ्या घोड्यांचे डॉक्टरही तेच. त्यांचा दाखला इतका मिळमिळीत होता, की तो वाचून बाईंनी दोन महिन्यांपूर्वीच दात-ओठ खाल्ले होते.

"'टोकदार वस्तूने जखम झाल्याची शक्यता,' हे काय लिहिणं झालं?" बाई म्हणाल्या. "काटे म्हणायला काय जीभ अडखळली?"

"मी काटे बघितले नाहीत, मॅडम. त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत म्हणून मी भट्टीपाशी आलो; नालबंदकाकांनी दांडी काढली आणि तुमच्या हातात दिली. मी घोडीच्या तोंडात बघत होतो. जे बघितलं तेच लिहिलं. उद्या उलटतपासणीत मी खोटा पडलो तर तुमचाच खटला जाईल." त्यांनी कुत्र्याला सोडलं आणि हात धुतले. "जखम डाव्या कोपऱ्यात होती. जुनी. वरून भरलेली, पुन्हा फाटलेली. पण किती जुनी, ते शपथेवर नाही सांगता येत."

"दांडी माझ्या हातात आली, त्यानंतर काय झालं? आठवेल तसं सांगा."

"तुम्ही ती पिशवीत टाकलीत. लाख वितळवायला तुमच्याकडे काही नव्हतं, म्हणून ती भट्टीतल्या निखाऱ्यावर ठेवलीत. पिशवी ऐरणीवर होती, उघडीच. तेवढ्यात करडी गुडघ्यांवर बसली."

बाईंना तो क्षण आठवला. त्या हातातलं सगळं टाकून धावल्या होत्या. करडीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिच्या गरम श्वासाने त्यांचा पदर ओला झाला होता.

"किती वेळ गेला असेल?"

"पाच-सात मिनिटं. मग ती उठली आणि तुम्ही परत गेलात."

परत गेल्यावर त्यांनी पिशवी उचलली, गाठ मारली, लाख ओतली. आत डोकावून बघितलं होतं का? नव्हतं. सोळा वर्षांच्या नोकरीत शिकाऊ निरीक्षकांना त्यांनी शंभरदा बजावलं होतं, बघितल्याशिवाय शिक्का मारू नका. आणि स्वतः मारून बसल्या होत्या. बाईंना त्या घडीला डॉक्टरांच्या समोर बसायचीही लाज वाटली.

"तेव्हा ऐरणीजवळ कोण होतं?"

"वखारवाला दारातच उभा राहून तावातावाने बोलत होता. काका पाणी आणायला आत गेले आणि बादली घेऊन आले. तिसरं कुणी नव्हतं." डॉक्टर जरा घुटमळले. "आणि मॅडम, तुम्ही फार चिडला होतात. दांडी हातात घेऊन म्हणालात, हे ज्याने घडवलं त्यालाही पिंजऱ्यात उभं करीन. मला तर वाटलं, आता मलाही घालताय आत."

४

वखारवाला बाईंना बघून उठला नाही, पण त्याने खुर्ची मात्र दाखवली. आज तो खुशीत होता.

"या, बाई. करवतीचा आवाज चालेल ना?"

"त्या दिवशी तुम्ही ऐरणीजवळ होतात."

"होतो की. माझी घोडी, माझा गाडा. मी काय घरी बसू?"

"पाच-सात मिनिटं पिशवी उघडी होती."

वखारवाला खदाखदा हसला. "म्हणजे मी बदलली म्हणता? अहो, मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही गाडा अडवणार म्हणून? का मी खिशात जास्तीच्या दांड्या घेऊन फिरतो?"

माणूस कितीही न आवडता असला तरी तो म्हणतोय ते खरं असू शकतं, हे मान्य करायला बाईंना जड जात असे, आताही गेलं. पण मुद्दा बरोबर होता. पाच मिनिटांत दुसरी दांडी कुठून येणार? शिवाय कोर्टात पिशवी उघडली तेव्हाचं याचं उघडं तोंड त्यांनी पाहिलं होतं. बदललेली दांडी बघून सगळ्यांत जास्त चकित झालेला माणूस तोच होता. घबाड आयतं पदरात पडलं आणि त्याने ते झेललं, एवढंच.

"मग कोर्टातली ती दांडी तुमची नाही," बाई म्हणाल्या.

"शपथेवर सांगितलंय, माझीच आहे. दोन वर्षं तीच आहे." त्याने डोळे मिचकावले. "परवा करडी परत आली की दुसऱ्या दिवसापासून गाड्याला. दोन महिने फुकट खाऊन माजली असेल. उतरवू तिचा माज."

बाई उठल्या. मागे तबेल्यात करडीची जागा रिकामी होती आणि खुंटीवर तिचा साज तेल लावून तयार टांगलेला होता. चामडं चकाकत होतं. बाईंनी ते बघितलं. परवा सकाळी अकरा वाजेपर्यंत काही सापडलं नाही, तर कायद्याने त्यांनाच करडीचा दोर धरून इथवर आणून द्यावं लागणार होतं.

फाटकाबाहेर येताना त्यांच्या डोक्यात त्याचाच प्रश्न घोळत होता. जास्तीच्या दांड्या खिशात घेऊन कुणी फिरत नाही. पण भिंतीवर टांगून कोण ठेवतं?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जनावरांच्या निवाऱ्यात गेल्या. करडी त्यांना बघून कुंपणापाशी आली. अंगावर मांस भरलं होतं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात फक्त पांढरट वण उरला होता. बाईंनी पेन्सिलीने काढलेला कागद तिच्या तोंडाशी धरला. लांबी तंतोतंत जुळली. बाजारात मिळणाऱ्या दांड्या सगळ्या एका मापाच्या आणि करडीचं तोंड तर अरुंद, म्हणजे ही दांडी तिचं माप घेऊन घडवलेली होती.

मग करडीने पाय उचलला आणि बाईंचं लक्ष खाली गेलं. तीन पायांत कारखान्यातले नाल होते, नंबर छापलेले. पुढच्या डाव्या पायातला नाल हाताने ठोकलेला होता.

"तो एक पडला होता हो," निवारा सांभाळणारी मावशी म्हणाली. "काका घरून घडवून घेऊन आले. दर पंधरवड्याला येतात बिचारे, कुणी बोलावत नाही तरी. नाल बघतात, तिच्या कानामागे खाजवतात आणि जातात. बोलत मात्र काही नाहीत. मी म्हटलं, काका, घोडीशी बोलता तेवढं माणसांशी बोला की!"

घरी आल्या तर आई आरशासमोर तोंड वेंगाडून बसलेली. तिची कवळी नवीन होती आणि गेला आठवडाभर तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

"आता बरी बसली एकदाची," आई म्हणाली. "काल गेले होते दातांच्या डॉक्टरकडे. इथे डावीकडे हिरडी सोलली होती बघ. त्याने तेवढीच बाजू घासून पातळ करून दिली. उजवीला हातही लावला नाही. म्हणाला, आजी, जिथे दुखतं तिथेच घासायचं."

बाई चप्पल काढता काढता थांबल्या.

"फक्त डावीकडे?"

"जखम डावीकडे, तर घासणार डावीकडेच ना? काय विचारतेस! आणि ती चप्पल एक तर घाल नाहीतर काढ."

बाईंनी चप्पल परत पायात घातली.

६

नालबंदाच्या भट्टीत निखारे फुललेले होते, पण काम चाललेलं नव्हतं. काका स्टुलावर बसले होते. सत्तरी गाठलेला माणूस, हात मात्र अजून जाडजूड. भिंतीवर खिळ्यांना लगाम, कड्या, नाल टांगलेले. एक खिळा रिकामा होता.

"काका, पंचनाम्यावर तुमची सही आहे. त्यात काटेरी दांडी लिहिलंय."

"सही केली, बाई. चष्मा नव्हता तेव्हा. काय लिहिलं होतं कुणास ठाऊक."

"चष्म्याशिवाय तुम्ही खिळा केसभरही इकडचा तिकडे जाऊ देत नाही." बाईंनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. "ही दांडी करडीच्या मापाची आहे. डावी बाजू पातळ आहे, कारण करडीचं डावीकडे दुखत होतं. ज्याने ही घडवली त्याने तिची जखम जप्तीच्या खूप आधी बघितली होती, आणि त्याला तिची दया आली होती. या भागात लोखंडाच्या बाबतीत असा विचार करणारा एकच माणूस मला माहीत आहे. ती त्या खिळ्यावर होती ना?"

 काकांनी कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"चार महिने टांगलेली होती," ते म्हणाले. "नाल ठोकताना करडीने माझ्या खांद्यावर तोंड टेकलं होतं. घरी गेलो तर सदऱ्याला रक्त. म्हणून ही घडवली आणि वखारीत घेऊन गेलो. तो म्हणाला, तिचे लाड कशाला? धड बघितलीसुद्धा नाही त्याने. परत आणून टांगली."

"मग बदललीत का, काका? तुम्हाला तर तिची सुटका हवी होती."

"कारण ती काटेरी मीच घडवली होती."

बाहेर रस्त्यावरून एक गाडा खडखडत गेला. 

"सात वर्षं झाली. त्याचा एक मस्तवाल घोडा होता, त्याच्यासाठी मागितली. तेव्हा जो जे सांगेल ते मी घडवायचो. काम चोख, माप बरोबर, बस. तो घोडा गेला आणि तीच दांडी हिच्या तोंडात आली. तुम्ही म्हणालात, घडवणाऱ्यालाही पिंजऱ्यात उभं करीन. बाई, इथली सगळी जनावरं माझ्या हातात पाय देतात. हे कळलं तर उद्या कोण आणेल ती माझ्याकडे? मी पाणी आणायला आत आलो, समोर ही खिळ्यावर दिसली, आणि... हात गेला. वाटलं, डॉक्टरांचा कागद आहे, जखम आहे, दांडीवाचून खटला अडणार नाही. काल कळलं अडला ते. कालपासून घशाखाली घास उतरत नाही."

बाईंना राग यायला हवा होता. आलाही, पण त्यातला निम्मा स्वतःवरचा होता. आपण रागाच्या भरात एक वाक्य फेकलं आणि ते नेमकं कुणाला लागलं, हे दोन महिने आपल्याला कळलं नव्हतं.

"काटेरी कुठे आहे?"

काकांनी मान खाली घातली. "आम्ही लोखंड टाकून देत नाही, बाई."

बाईंना करडीचा उचललेला पाय आठवला.

"उद्या कोर्टात हे सगळं सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फसवत नाही. जप्त केलेली वस्तू तुम्ही पळवलीत आणि मोडलीत. त्याची शिक्षा होऊ शकते."

"आणि तुम्हाला?"

"मी आत न बघता शिक्का मारला. ते मीच सांगणार आहे, तुमच्या आधी."

काका उठले आणि निखाऱ्यांवर राख ओढू लागले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

७

अकरा वाजले तरी काकांचा पत्ता नव्हता. बाई साक्षीदाराच्या जागी उभ्या राहिल्या आणि आपली चूक त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली. वखारवाल्याच्या वकिलाला गुदगुल्या झाल्या. तो उठून "मग विषयच संपला," म्हणतोय तेवढ्यात दार करकरलं. काका धुतलेला सदरा घालून आले होते आणि येऊन मागच्या बाकावर टेकले. बाईंनी सरकारी वकिलाकडे बघून मान हलवली.

सरकारी वकिलाने दांडी वखारवाल्यापुढे धरली. "ही तुमचीच?"

"माझीच. परवा सांगितलं की."

"दोन वर्षं रोज घोडीच्या तोंडात?"

"रोज."

"मग डावी बाजू पातळ का?"

वखारवाल्याने पहिल्यांदाच दांडी नीट पाहिली. "झिजली असेल. वापरून झिजतं लोखंड."

काकांना पुढे बोलावलं. त्यांनी दांडी हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात न्यायाधीशांपुढे धरली. "साहेब, झिजलेलं लोखंड आरशासारखं चकाकतं. यावर माझ्या कानशीचे चरे अजून जसेच्या तसे आहेत, डावीकडे पण आणि उजवीकडे पण. दाताची एक खूण नाही. ही कुठल्याच घोड्याच्या तोंडात कधी गेलेली नाही. मी घडवली, करडीच्या जखमेसाठी पातळ केली, जप्तीच्या चार महिने आधी. यांना द्यायला गेलो तर यांनी घेतली नाही."

डॉक्टरांनी जागेवरून उठून सांगितलं की जखम बरोबर त्याच बाजूला होती. जे बघितलं होतं तेच त्यांनी सांगितलं.

न्यायाधीश वखारवाल्याकडे वळले. "जखमेसाठी पातळ केलेली ही दांडी दोन वर्षं तुमची असेल, तर घोडीचं तोंड दोन वर्षं जखमी होतं हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही तिला गाड्याला जुंपत होतात. तोही गुन्हाच. आणि ही तुमची नसेल, तर परवाची शपथ खोटी. कुठलं ते सांगा."

वखारवाल्याने वकिलाकडे बघितलं. वकील कागद चाळू लागला.

"आमची... नसावी," वखारवाला शेवटी म्हणाला.

"मग तुमची कुठे आहे?"

 उत्तर वखारवाल्याला माहीतच नव्हतं.

"करडीच्या पायात आहे, साहेब," काका म्हणाले. "पुढच्या डाव्या. काटे मीच घडवले होते, मीच ठोकून सपाट केले. पिशवीतून मीच काढली. मला काय द्यायची ती शिक्षा द्या, पण तिला परत पाठवू नका."

एवढं बोलून त्यांनी पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावला, जणू आता आत जायचंच आहे.

निकाल दुपारी लागला. करडी परत जाणार नव्हती. वखारवाल्याला दंड झाला, जनावर पाळायला मनाई झाली आणि खोट्या शपथेचा वेगळा खटला मागे लागला. बाईंच्या नोकरीच्या कागदांत ठपक्याची एक ओळ चढली. काकांना न्यायाधीशांनी कडक शब्दांत सुनावलं आणि कोर्ट उठेपर्यंत जागेवर बसून राहण्याची शिक्षा दिली. काका पाच वाजेपर्यंत ताठ बसून होते. बाईही शेजारी बसून राहिल्या. त्यांना कुणी शिक्षा दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका भट्टीवर आले तेव्हा दारात तीन घोडे आणि एक गाढव उभं होतं. मालक म्हणाले, उशीर केलात काका.

पायातल्या नालाचं काय करायचं, यावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं की तो झिजेपर्यंत काढू नये आणि काढल्यावर मुद्देमालात जमा करावा. सहा आठवड्यांनी निवाऱ्यात काकांनी करडीचा पाय मांडीवर घेतला, खिळे उपटले आणि झिजून पातळ झालेला नाल बाईंच्या हातावर ठेवला. करडी मोकळ्या तोंडाने बाईंचा पदर चघळत होती. बाईंनी पदर तिच्या हवाली केला, नाल आईने शिवलेल्या पिशवीत टाकला आणि मेणबत्तीवर लाख वितळायला धरली.

मग लाख बाजूला ठेवून त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं आणि आत नीट बघितलं. काकांनाही बघायला लावलं. त्यानंतरच शिक्का मारला.